दहा बोटं

सुरतेजवळच्या सचिन गावातल्या नव्या कारखान्यात आम्हाला एक कागद भरायला दिला होता. इथे काम करताना तुम्हाला काय आवडतं, असा प्रश्न होता. कुणी कँटीन लिहिलं, कुणी रविवारची सुट्टी. मी कारखान्याची बस लिहून मोकळा झालो. मनात मात्र कडोदऱ्याचा जुना कारखाना होता, आणि त्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं.

तिथे कापड विणणाऱ्या यंत्रमागांचा खडखडाट इतका, की बोलणं म्हणजे हातवारे. अंगठा ओठांशी नेला की चहा. मिशीवर बोट फिरवलं की मास्तर, म्हणजे आमचा मुकादम, येतोय. खांद्यावर पिशवी टाकल्यासारखं केलं की गावाला चाललो, आणि मग समोरचा बोटांनी दिवस विचारणार. तेवढे दिवस तुमचे माग त्याने चालवायचे, परत आलात की तुमचे तुम्हाला. दुपारी पत्र्याच्या फटींतून ऊन उतरायचं, पांढरं कापड संथपणे खाली येत राहायचं, आणि थोड्या वेळाने तो आवाजही ऐकू येईनासा व्हायचा. पाण्याखाली चालल्यासारखं वाटायचं. फार सुख होतं त्यात.

माझ्या समोरच्या मागांवर विदर्भातला एक जण होता. चौदा वर्षं आम्ही दिवसभर हातांनी गप्पा मारल्या. फाटकाबाहेर मात्र दोघेही लाजायचो. मी म्हणायचो, "बरं आहे ना?" तो म्हणायचा, "हाव ना." संपलं.

मग माझे कान गेल्यासारखे झाले. बायको म्हणाली, "सचिनले जाय. तठे आवाज कमी शे, कान तरी वाचतीन." तिचं खरंच होतं. मास्तरला सांगून टाकलं. पण समोरच्या मागांवरच्या याला कसं सांगायचं? कायमचं जाण्याची खूणच आमच्यात नव्हती. शेवटच्या दिवशी मी खांद्यावर पिशवी टाकल्याची खूण केली. त्याने बोटं नाचवली, किती दिवस? माझी हिंमत झाली नाही. मी दहाही बोटं दाखवली. तो हसला. जा, मी आहे.

पुढचं मला दुसऱ्याकडून कळलं. मास्तर माझ्या मागांवर नवा माणूस लावायला आला, तेव्हा याने हात आडवा धरला. मास्तर म्हणाला, तो आता येत नाही. हा म्हणाला, येईल, त्याने मला सांगितलंय.

दहा दिवस त्याने दोघांचे माग चालवले. अकराव्या दिवशी सकाळी तो आत गेलाच नाही, फाटकाशी माझी वाट बघत उभा राहिला.