जनाकाकूंच्या घरातला कचरा

सकाळचे साडेसहा वाजले असतील. तबेल्याचा दूधवाला जिना चढून वर आला आणि माझ्या दाराशी थांबून म्हणाला, "दीदी, नीचे मौसी दरवाजा नहीं खोल रही. बरतन भी बाहर नहीं रखा." जनाकाकू पिशवीतलं दूध कधी घेत नसत. त्यांचं पातेलं पहाटेच उंबऱ्यावर आलेलं असायचं. ते नाही म्हटल्यावर मी तशीच खाली धावले. त्यांच्या घराची दुसरी किल्ली माझ्याकडे होती. दार उघडलं तर काकू कुशीवर निजलेल्या, एक हात उशीखाली. झोपेतच गेल्या, असं डॉक्टर म्हणाले... त्याला आता दीड महिना होईल.

टेमघरच्या आमच्या इमारतीत त्या तळमजल्यावर राहायच्या, मी त्यांच्या बरोबर वर. नवरा लवकर गेलेला, मुलगा नोकरीसाठी नव्या मुंबईत. माहेर खाडीकाठच्या आगरी घरातलं. प्लास्टिकची पिशवी त्या हातात का धरत नाहीत, हे मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "आमचा बापूस खाडीत जालं टाकाचा. आदी कोलंबी यायची, मंग पिशव्या यायला लागल्या. एक दिवशी जालं वलनीवर टाकलान तो पुन्ना खाडीवर गेलाच न्हाय." एवढंच. उपदेश असा त्यांनी कुणाला केला नाही. कापडाच्या लूमवाल्यांकडच्या चिंध्या जोडून पिशव्या शिवायच्या, वाण्याकडे डबे घेऊन जायच्या. लुगडं फाटलं की त्याची गोधडी, गोधडी विरली की पायपुसणं, आणि पायपुसण्याचा जीव गेला की मोरीचं फडकं.

आई गेल्यावर मी एकटी उरले. शाळेच्या ऑफिसातून सुटले की येता येता कोपऱ्यावरून तयार भाजी घ्यायची, गरम भाजी पातळ पिशवीत बांधून मिळायची. एका संध्याकाळी काकूंनी जिन्यात मला गाठलं. "घरात डबा न्हाय का गो?"

"एकटीसाठी कुठे डबा घेऊन फिरू, काकू?"

"का? एकटीला प्वाट नसतं?" असं म्हणून त्या आत गेल्या आणि स्टीलचा दोन खणी डबा आणून माझ्या हातात दिला. त्या दिवसापासून संध्याकाळी त्यांच्या ओट्याशी बसून भाजी निवडणं सुरू झालं. दिवसभरात मनापासून बोलणं व्हायचं ते तिथेच.

इमारतीच्या मागे त्यांनी दोन पिंपं ठेवली होती. घरोघरचा ओला कचरा त्यात टाकायचा, त्यावर माती, सुका पाला. निम्म्या घरांनी वर्षभर साथ दिली. मग एका पावसाळ्यात वास सुटला, अळ्या झाल्या आणि लोक बिथरले. मीटिंग झाली. सोसायटीची सेक्रेटरी मी होते. घर-संसार नाही, तुम्हाला वेळच वेळ, म्हणून ते काम माझ्या गळ्यात आलं होतं. आठ दिवसांत पिंपं हलवा, अशी नोटीस द्यायचं ठरलं. वास पावसापुरता आहे, झाकण नीट बसवलं तर जाईल, हे मला ठाऊक होतं. मी बोलले नाही. सगळी इमारत तोंड फिरवून बसली तर आपल्याला कोण, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. नोटीस मीच टाइप केली. काकूंनी ती अक्षर अक्षर लावत वाचली आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही सही तुजी हाय?"

"हो, काकू."

"बरं."

दुसऱ्याच दिवशी त्यांचे भाऊ बाळाराममामा टेम्पो घेऊन आले आणि पिंपं गेली. पुढे जवळजवळ वर्षभर काकू माझ्याशी बोलल्या नाहीत. मी जिना उतरताना त्यांचं दार उघडं असायचं, त्या मान वर करायच्या नाहीत. भाजी मी वरच, उभ्यानं निवडायला लागले...

दोन हजार पाचच्या जुलैत शहरात पाणी शिरलं तेव्हा आमचं मागचं गटार पिशव्यांनी गच्च तुंबलं. तळमजल्यात गुडघाभर पाणी. पुरुषमंडळी जिन्यावर उभी राहून महापालिकेला नावं ठेवत होती. आणि काकू, वय पासष्टीचं, लुगडं खोचून गटाराच्या तोंडाशी वाकलेल्या, लोखंडी आकड्यानं पिशव्या ओढत होत्या. मी खाली उतरले आणि शेजारी उभी राहिले. त्या ओढत होत्या, मी बाजूला टाकत होते. किती वेळ गेला कुणास ठाऊक. पाणी सरकायला लागलं तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चा टाक वरती. माजा इस्टो भिजला."

चहा पिताना नोटिशीचं बोलायचं म्हणून मी शब्द जुळवत होते. त्यांनी आणखी साखर मागितली. मी उठून डबा आणला, आणि राहिलं ते राहिलंच. बोलणं पूर्ववत झालं. माफी मात्र मी आज मागू, उद्या मागू करत राहिले...

तेराव्यानंतर मुलगा आणि सून घर रिकामं करायला आली. सुनेनं मोठमोठ्या काळ्या पिशव्यांची गुंडाळी आणली होती. "आत्या, जुनी माणसं ती, काय काय साठवून ठेवलं असेल," ती मला म्हणाली. भांडी, कपडे, डबे, सगळं कुणाच्या ना कुणाच्या कामाचं निघालं. दुपारी गुंडाळी होती तशीच होती. टाकण्यासारखं एकच सापडलं: ओट्याखाली बांबूची लहान टोपली, तिच्यात दुधीच्या साली, मेथीचे देठ, चहाचा चोथा. त्यांच्या शेवटच्या दिवसाचं. सगळं वाळून हलकं झालेलं. सुनेनं पिशवी उघडली. मी म्हटलं, "राहू दे. मी नेते."

पिंपं गेल्यापासून काकू दर रविवारी आपला ओला कचरा भावाच्या वाडीत नेत. मी रिक्षा करून तिथे गेले. बाळाराममामांनी शेवग्याखालचा खड्डा दाखवला. मी टोपली रिकामी केली. त्यांनी फावड्यानं वर माती लोटली. तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं, "मामा, ती नोटीस मी लिहिली होती."

"ठाव हाय. आक्कानी सांगलंवतं."

"काय म्हणाल्या?"

मामा फावड्यावर टेकले. "बोलली, समद्यांनी मिलून तिलाच पुढं केली. तिच्या मागं कोन हाय म्हनून ती न्हाय बोलंल? जरा दीस जाऊदे, मीच बोलेन तिच्याशी."

मी बांधावर बसून राहिले. मामांनी टोपली पंपावर धुऊन माझ्या शेजारी उपडी ठेवली आणि कामाला गेले.

आता रविवारी मी जाते. टोपली मांडीवर घेऊन रिक्षात बसते. एका माणसाचं असतं किती... आठवडाभरात टोपलीचा तळसुद्धा धड झाकला जात नाही.