पॉइंट झीरो फाइव्ह

मानेसरच्या एका कारखान्यात मी लोकांच्या चुका मापतो. म्हणजे गाडीचे सुटे भाग मापतो, पण घरच्यांच्या मते ते एकच. आमच्या ड्रॉइंगवर नुसते आकडे असतात, त्यांच्यापुढे एकक लिहायची पद्धत नाही. सगळं मिलिमीटरमध्ये, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. इतकी वर्षं हेच केल्यावर डोळ्यांना आकडा दिसतो आणि त्याच्या मागची अक्षरं दिसेनाशी होतात. हे मला आता कळलंय. मागच्या हिवाळ्यात कळलेलं नव्हतं.

आई एरवी लक्ष्मीबाई नगरला दादाच्या सरकारी क्वार्टरमध्ये असते. दादा कायम पोस्टिंगवर बाहेर, त्यामुळे खरं तर ती वहिनीकडे असते. त्या हिवाळ्यात ती आमच्याकडे गुरुग्रामला आली, कारण आमच्या बाल्कनीत ऊन येतं. वहिनीने तिच्याबरोबर वारांचे कप्पे असलेला गोळ्यांचा डबा भरून दिला होता आणि उरलेली पाकिटं एका पिशवीत. आमच्या सोसायटीजवळच्या डॉक्टरांना एकदा दाखवून आणलं. "थायरॉईडची गोळी आहे तीच चालू ठेवा," असं म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी चिठ्ठी आणि पाकीट घेऊन बसलो. कुणी सांगितलं नव्हतं. चिठ्ठीवर ०.०५. पाकिटावर ५०. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ०.०५ आणि ५०!

"हजारपट!" मी ओरडलो.

"काय हजारपट?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"डोस! वहिनी आईला हजारपट डोस देतायत!"

"हजारपट दिला असता तर आई इथे बसून शेंगा सोलत असत्या का?"

आई खरंच मटारच्या शेंगा सोलत होती. पण अक्कल पाजळायला लागल्यावर मी पुराव्याकडे बघत नाही. आई म्हणाली, "अरे, तिला विचार तरी आधी." मी विचारलं नाही. घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: 'वहिनी, आईच्या गोळ्या जरा बघून भरत जा. हजारपट डोस चाललाय. आज मी पाहिलं म्हणून कळलं.'

त्यातलं शेवटचं वाक्य आठवलं की अजून कानशिलं गरम होतात.

ग्रुप पेटला. पुण्याच्या मावशीने 'अगंबाई!' लिहून हात जोडले. नागपूरच्या आतेभावाने होमिओपॅथी सुचवली. कुणीतरी 'देवाने वाचवलं' म्हटलं, तेव्हा देव म्हणजे मीच, असं मला वाटून गेलं. वहिनीने काही लिहिलं नाही. दोन निळ्या खुणा तेवढ्या दिसल्या.

सोमवारी सकाळी गोळी बंद. एरवी गोळी घेतल्यावर अर्धा तास चहाला थांबावं लागतं, त्यामुळे आई त्या दिवशी खूश होती. "चहा तर लवकर मिळाला, चलो," म्हणाली. मी कारखान्यात गेलो.

तिथे एका सप्लायरबरोबर मीटिंग होती. त्याचे दांडे जाड येत होते आणि तो घोळ घालत होता, की फरक असून असून किती आहे. मी ड्रॉइंगवर बोट आपटलं. "अरे भाई, पॉइंट झीरो फाइव्ह! मतलब पचास मायक्रॉन! इसमें समझना क्या है?"

आणि मग मी काय बोललो ते माझं मलाच ऐकू आलं.

मिलि म्हणजे हजारावा भाग. मायक्रो म्हणजे त्याचाही हजारावा. ०.०५ मिलिमीटर म्हणजे पन्नास मायक्रॉन, हे मी झोपेतही बोलत असेन. तर मग ०.०५ मिलिग्रॅम? मीटर जाऊन ग्रॅम आला, एवढाच फरक. मी बायकोला फोन केला. "त्या पाकिटावर पन्नासच्या पुढे काय लिहिलंय?"

"एमसीजी."

"नीट बघ. एमजी असेल."

"मला वाचता येतं. एम, सी, जी."

मायक्रोग्रॅम. म्हणजे चिठ्ठी आणि पाकीट एकच गोष्ट सांगत होती. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, हो, एकच आहे, उद्यापासून नेहमीसारखी द्या. त्यांच्या आवाजात हसू होतं की नाही, ते मी ठरवलेलं नाही.

पहिलं शौर्य म्हणजे ग्रुपवरचा मेसेज डिलीट केला. त्याने काय साधलं? माझा मेसेज गेला, पण खाली 'अगंबाई', होमिओपॅथी आणि देव जागच्या जागी. शिवाय मावशीने विचारलं, "काय डिलीट केलंस रे?"

संध्याकाळी गाडी घराऐवजी लक्ष्मीबाई नगरकडे घेतली. वाटेतल्या जाममध्ये एक बरं विनोदी वाक्य जुळवून ठेवलं होतं. वहिनीने दार उघडलं आणि मी तोंड उघडायच्या आत विचारलं, "भाऊजी, आई कशा आहेत? छातीत धडधड वगैरे नाही ना?"

ती त्या दिवशी ऑफिसला गेलीच नव्हती. टेबलावर डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या पसरलेल्या होत्या.

"वहिनी, गोळी बरोबर होती. मी चुकलो." मग मला राहवेना, म्हणून मी समजावायला लागलो. "असं बघा, मिलि म्हणजे..."

"मला माहीत आहे. बीएस्सी केलंय मी."

"मग तुम्ही मला लिहिलं का नाहीत? झापायचं ना ग्रुपवरच!"

तिने चिठ्ठ्या गोळा करायला घेतल्या. "काल दहा वेळा हिशेब केला. दर वेळी बरोबरच येत होता. पण तुमचा तर रोजचा धंदाच मापाचा. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. आईंचे हात थरथरतात ना अलीकडे? वाटलं, ते माझ्यामुळेच."

जुळवून ठेवलेलं विनोदी वाक्य मी सोडून दिलं. तिने चहा केला. मी तो गरमच प्यायलो, जीभ भाजली, ते बरंच झालं. निघताना तिच्या देखतच ग्रुपवर लिहिलं: '०.०५ मिलिग्रॅम म्हणजेच ५० मायक्रोग्रॅम. वहिनींची गोळी बरोबर होती. एकक मी वाचलं नाही. चूक पूर्ण माझी.' त्यावर आतेभावाचा एक अंगठा आला. मावशीने लिहिलं, 'होतं असं.' आरोपावर घराणं उसळलं होतं, दुरुस्तीवर कुणाला उत्साह नव्हता.

घरी आल्यावर आईने एवढंच विचारलं, "तिने तुला चहा दिला?"

"दिला."

"अच्छा," असं म्हणून ती टीव्हीकडे वळली.

होळीनंतर आई परत लक्ष्मीबाई नगरला गेली. तेव्हापासून वहिनी नवीन पाकीट उघडलं की मला त्याचा फोटो पाठवते. खाली लिहिते, 'बरोबर आहे ना भाऊजी?' मी शब्दांत टोमणा शोधला. असता तर हायसं वाटलं असतं. मध्ये एकदा लिहिलं, 'वहिनी, खरंच फोटोची गरज नाही. तुमचं बरोबरच असतं.' उत्तर आलं, 'असू दे हो. आता एकटीने भरायला भीती वाटते.'

परवा पुन्हा फोटो आला. तिने पाकीट हातात धरलं होतं आणि अंगठ्याचं नख नेमकं एमसीजीच्या खाली टेकवलं होतं, पहिलीतल्या मुलाला अक्षर दाखवतात तसं. मी तिन्ही अक्षरं एकेक करून वाचली आणि मगच उत्तर लिहिलं.