उपासाला न चालणारे शिंगाडे

म्हातारीने तोंडातला शिंगाडा थुंकला, तो थेट माझ्या टोपलीत पडला.

नाकाडोंगरीचा बाजार होता. दुसऱ्या दिवशी एकादशी. पहाटे उकडलेले शिंगाडे घेऊन मी बसले होते. भोवती बायांची झुंबड. अर्धी टोपली खपली होती. तेवढ्यात ती आली. माझी भुजली, जन्माची मैत्रीण. नवं लुगडं, नवऱ्याच्या मागे चार पावलं. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. बायांकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "हिचे शिंगाडे उपासाले चालत नायी. हे किरिस्तान झाली. दोन वर्सं झाले. मलेच सांगतलं हिनं."

बस. म्हातारी थुंकली ती तेव्हाच. बायांनी पिशव्या माझ्या टोपलीत उलट्या केल्या. एकीने हात धुवायला शेजारच्या दुकानातून पाणी मागून घेतलं. मी ढिवराची बाई. याच बाया माझ्या हातची मासळी घेत होत्या. मासळीला लागलेला हात त्यांच्या उपासाला चालत होता. येशूचं नाव घेतलेला हात चालला नाही. वा रे उपास!

आमच्याकडे श्रावणात बाया परडीत गहू पेरतात, अंधारात वाढवतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी ती पिवळी रोपं तळ्यात सोडायला नेतात. तेव्हा दोघी जणी एकमेकींच्या कानावर रोपं खोचतात आणि जन्माच्या मैत्रिणी होतात. त्यानंतर एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, 'भुजली' म्हणायचं. आम्ही दोघी एकाच वर्षी या गावात सुना म्हणून आलो. ती मोठ्या शेतकऱ्याच्या घरात, मी ढिवरटोल्यात. तिने स्वतः माझ्या कानावर रोपं खोचली. मोठ्या घरची सून ढिवरणीची भुजली झाली म्हणून मी महिनाभर हवेत होते. मूर्ख होते.

नवरा तापाने गेला. शेवटचे आठ दिवस तो मिशनच्या दवाखान्यात होता. तिथली नर्सबाई त्याची घाण स्वतःच्या हाताने काढायची. पोवार म्हणू नका, कुणबी म्हणू नका, ढिवर म्हणू नका, सगळ्यांची काढायची. नवरा वाचला नाही. पण ती बाई कोणाच्या नावाने हे करते ते मला जाणून घ्यायचं होतं. वर्षभराने मी बाप्तिस्मा घेतला.

गावात कोणाला सांगितलं नाही. सांगणार कसं? पंचायतीचं तळं माझ्या नवऱ्याकडे ठेक्याने होतं, तो गेल्यावर माझ्याकडे आलं. त्यात शिंगाड्याचा वेल. शिंगाडा खपतो उपासाला. उपास करणारे हिंदू. माझी चूल त्यांच्या एकादशीवर पेटत होती. म्हणून गळ्यातला क्रूस चोळीच्या आत आणि तोंड बंद. फक्त भुजलीला सांगितलं. तिने कानाला हात लावून शपथ घेतली, जिथे रोपं खोचली होती तिथेच.

त्या बाजारानंतर महिन्याभरात तळ्याचा लिलाव झाला. माझा माल कोणी घेईना, मी बोली काय लावणार? तळं तिच्या नवऱ्याने घेतलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. धर्म बुडाला म्हणून ती बाजारात ओरडली नव्हती. तळं पाहिजे होतं.

पाद्रीसाहेब म्हणाले, "क्षमा कर, बाई." सांगायला काय जातं! त्यांच्या टोपलीत कोणी थुंकलं नव्हतं. मी घरी येऊन शिव्या दिल्या. प्रार्थनेला बसले की तिचाच चेहरा दिसायचा. रोज मागायचे, देवा, तिचं वाटोळं कर.

मग एका रविवारी चर्चमध्ये पाद्रीसाहेबांनी येशूच्या शिष्याची, पेत्राची गोष्ट वाचली. गुरू धरला गेला, आणि हा अंगणात शेकोटीजवळ बसून म्हणतो, मी त्याला ओळखतच नाही. ऐकता ऐकता माझे कान गरम झाले. भुजलीने मला विकलं, खरं. पण ती खोटं बोलली नव्हती. खोटं मी जगत होते. दोन वर्षं दर बाजारी मी टोपलीमागे बसून म्हणत होते, मी त्याला ओळखत नाही. ती नीच होती. मी भित्री होते. तिचं तिच्यापाशी. माझं भ्याडपण मला त्या दिवशी सोडायचं होतं.

क्रूस चोळीबाहेर काढला. बपेऱ्याला भावाची बोडी होती, म्हणजे लहानसं तळं. तिथे वेल टाकला. पुढच्या हंगामात एसटीने टोपली आणली आणि नाकाडोंगरीच्या बाजारात त्याच जागी बसले. पहिल्या दिवशी माल तसाच परत नेला. दुसऱ्या बाजारी दोघी आल्या. मग चौघी.

तिकडे तिच्या नवऱ्याला वाटलं, वेल टाकला की शिंगाडा येतो. पानावरची कीड छातीभर पाण्यात उभं राहून हाताने वेचावी लागते. ते त्यांच्या इज्जतीत बसत नव्हतं. वेल सडला. मला हसू आलं. गिळलं. क्षमा म्हणजे मला तेवढंच जमत होतं.

एकादशीच्या आदल्या दिवशी दुपारी ती माझ्या घरी आली. मागच्या दाराने. पदर नाकापर्यंत.

"भुजली, टोपलंभर शिंगाडे दे व. सासूचा उपास हाये. कोनाले सांगू नोको."

"सासूले सांगशील, कोनाच्या हातचे हायेत?"

"तिले कायले सांगाचं?"

म्हणजे म्हातारीला फसवायचं, देवाला फसवायचं, आणि त्यासाठी मदत माझी. बाजारात टोपलीत थुंकणारी म्हातारी तिची हीच सासू.

"उद्या बाजारात ये," मी म्हटलं. "सगळ्यायसमोर माह्या टोपलीतून घे."

तिचा चेहरा उतरला. मग तिने शेवटचं हत्यार काढलं. "तुहा देव तं माफ कराले सांगते ना?"

"माफ केलं. म्हनून तू दारात उभी हायेस. मांगच्या दारानं मात्र काही भेटनार नायी."

ती गेली. रिकामी. बाजारातही आली नाही. तेवढी छाती तिच्यात कधीच नव्हती.

मागचं दार मी त्याच आठवड्यात विटांनी बुजवलं. आणि बाजारात गिऱ्हाईक आलं की पहिल्यांदा सांगते, मी ख्रिश्चन आहे. मगच तराजूला हात लावते.