दाजींची चार लिंबं

उसाला तुरे फुटले, कारखान्याचा भोंगा वाजायचा बंद झाला, आडतीत दिवसभर एक पोतं आलं नाही, तरी ज्यांच्या कपाळावर आठी पडत नसे, पण जगातल्या कुठल्याशा कंपनीनं नव्या स्पोर्ट्स कारमधून हातानं टाकायचा गिअर काढून टाकला असं वाचलं की ज्यांना घास गोड लागत नसे, असा माणूस माझ्या पाहण्यात एकच. ते माझ्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे, यजमान. आमचे दाजी. गंमत अशी की स्पोर्ट्स कारला दाजींचा हातसुद्धा कधी लागलेला नव्हता. बिदर जिल्ह्यातल्या भालकीच्या बाजारात त्यांची तूर-उडदाची लहानशी आडत होती, आणि दारात लिलावात घेतलेली एक जुनी जीप, जी उतारावर उभी केली तरच सकाळी सुरू व्हायची. त्या जीपच्या गिअरच्या दांड्याला त्यांनी सुताराकडून बाभळीचा गोळा करून बसवला होता. तो तळहातानं घासून इतका गुळगुळीत झाला होता की अक्का म्हणायची, "माज्या डोक्यावरनं कदी एवढा हात फिरवला न्हाई ह्यांनी."

आडतीच्या भिंतीवर लक्ष्मीच्या शेजारी परदेशी गाड्यांची चित्रं होती. हैदराबादच्या फुटपाथवरून आणलेल्या जुन्या मासिकांतून कापलेली, सगळी लाल, सगळी दोन दारांची. तूर घेऊन आलेले शेतकरी चित्राकडे बघून विचारायचे, "शेट, ह्यात किती पोती बसतेत?" दाजी गंभीरपणे सांगायचे, "दोन. आनि तीबी माणसं." मग त्या बिचाऱ्याला हिशोबाची पट्टी मिळण्याआधी गिअरचं तत्त्वज्ञान ऐकावं लागायचं. "बैल आपनहून चालतेत म्हणून तू कासरा सोडून देतोस काय? मग येवढी ताकदीची गाडी, आनि माणसानं नुसतं बसायचं? जिला माणूस लागत न्हाई, तिच्यात माणूस बसतोय कामून?" शेतकरी मान हलवायचा, कारण काटा अजून दाजींच्या हातात असायचा.

एसटीत ते नेहमी ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसत. एकदा उदगीरला जाताना चढाला गाडी घरघरायला लागली, तसे दाजी ओरडले, "सेकंड घाल, सेकंड! जीव चाललाय तिचा!" ड्रायव्हरनं मागं न बघता सांगितलं, "अप्पा, टिकीट तुमचं हाय, गाडी माझी हाय." "गाडी सरकारची हाय," दाजी म्हणाले, "पन इंजिनचं पाप आपल्या दोघाच्या डोक्यावर." पुढच्या थांब्यावर ड्रायव्हरनं त्यांना चहा पाजला आणि मागच्या बाकावर नेऊन बसवलं.

मी खजुरी गावचा. आमच्या घरात माझ्या आजोबांपर्यंत मेंढरं राखली गेली, वडिलांनी शेती केली, आणि कॉलेजचं तोंड पाहणारा मी पहिला. ते दाजींच्या घरी राहून पाहिलं. आज बिदरला चार पोरांना शिकवून खातो, त्यातला निम्मा घास त्यांचा आहे. उदारीकरण मी पुस्तकातून पाठ करत होतो, दाजींनी ते आडतीत बसून ओळखलं होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "गिराइकानं तोंड उघडलं न्हाई तर माल येत न्हाई. कंपनीला वाटायलंय, गिअर कुनालाच नको. आपल्या तालुक्यातनं मागणी गेली पायजे." त्यामुळं दवाखान्याला, लग्नाला, कोर्टाला, कशालाही कुणी हैदराबादला निघालं की दाजी त्याला गाडीच्या शोरूमचा पत्ता देत आणि नुसतं विचारून यायला सांगत. मी नोकरीच्या परीक्षेला गेलो तेव्हा माझ्यावरही ही कामगिरी आली. चपलेतला मी काचेच्या दारातून आत शिरलो आणि टाय घातलेल्या माणसाला विचारलं, गिअरवाली स्पोर्ट्स कार मिळेल का. त्यानं माझ्या पायांकडं बघितलं. "किसकू होना?" कुणाला हवी, यावर मला खोटं बोलता आलं नाही. म्हणालो, "भालकी तालुके कू." तो इतका हसला की त्यानं मला पाणी दिलं. पुढं घरी फोन बसल्यावर दाजी स्वतःच तिथं फोन करायला लागले. पलीकडून "सलाम, भालकीवाले सेठ" ऐकू आलं की त्यांना वाटायचं, मागणी पोचायली.

पण गावात दाजींना मान होता तो वेगळ्याच गोष्टीसाठी. नव्वद सालानंतर भालकीत नव्या गाड्या यायला लागल्या. मास्तरांच्या, कंत्राटदारांच्या, ऊसवाल्यांच्या. नवी गाडी आली की हळदीकुंकू, नारळ, आणि चार चाकांखाली चार लिंबं. ती लिंबं फोडायला सगळे दाजींना बोलवत. दाजी पाय धुवून यायचे, गुडघ्यावर बसून प्रत्येक लिंबू टायरला जेमतेम टेकेल असं स्वतः ठेवायचे, अनवाणी गाडीत बसायचे, आणि डावा पाय क्लचवरून असा उचलायचे की गाडी निघाली हे कळायचंसुद्धा नाही. चारही लिंबं एकदम फुटायची. एकच आवाज. गर्दीतली एखादी म्हातारी कानशिलावर बोटं मोडायची. दाजी उतरून अर्धा नारळ घेत आणि कुणाशी न बोलता घरी येत. त्या दिवशी ते जेवायला भाकरी एक जास्त घेत.

माझ्या भाच्यालाही त्यांनी जीपवरच शिकवलं, ते उलट्या रीतीनं. रेल्वेच्या रुळाजवळच्या चढावर गाडी उभी करायची, मागच्या चाकामागं लिंबू ठेवायचं, आणि गाडी मागं न येऊ देता वर काढायची. "पुढचं लिंबू फोडायला काय लागतंय? मागचं वाचवून दाखव." कितीतरी रविवार लिंबाचा चिखल झाला. ज्या दिवशी लिंबू वाचलं त्या दिवशी अक्कानं त्याचंच सरबत केलं, आणि पोरगं सरबत पिता पिता म्हणालं, "पप्पा, मी नोकरीला लागलो की तुमची लाल गाडी आणणार."

"गिअरवाली?"

"गिअरवालीच!"

पोरांच्या बोलण्याला कोण धरून बसतं? दाजी बसले. पोरगं इंजिनियर झालं, हैदराबादला मोठ्या नोकरीला लागलं, तिथंच लग्न केलं, सणाला यायचं ते दुसऱ्या दिवशी जायचं. दाजी तक्रार करत नसत. फक्त दर वेळी त्याच्या बॅगा उतरवताना विचारायचे, "गाडीचं काय?" आणि तो म्हणायचा, "बघायलोय, पप्पा."

एका दसऱ्याला त्याचा फोन आला, येताना गाडी घेऊन येतोय. दाजींनी गल्लीत सांगितलं. आडतीवाले, हमाल, ज्यांच्या गाड्यांची लिंबं त्यांनी फोडली होती ते सगळे जमले. मीही बिदरहून आलो होतो. लाल गाडी गल्लीच्या तोंडाशी गतिरोधकावर पोट घासून आत आली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. दाजी पाय धुऊन तयार होते. ते आधी काचेला डोळे लावून आत वाकले. मी त्यांच्या मागंच उभा होतो. त्यांची पाठ हळूहळू सरळ झाली.

"गिअर?"

"आपोआप पडतेत, पप्पा. गिअरवाली आता येतच न्हाई."

लोक वाट बघत होते, पूजेचं ताट घेऊन अक्का बघत होती. दाजींनी लिंबं लावली, नेहमीसारखी गुडघ्यावर बसून, आणि गाडीत बसले. ब्रेकवरचा पाय उचलला तशी गाडी आपणहून चालायला लागली. चाळीस वर्षं ज्याला सवय, तो डावा पाय क्लच शोधत खाली गेला. तिथं क्लच नव्हता, होता तो रुंद ब्रेक. गाडी जागच्या जागी हिसका खाऊन थांबली. एक लिंबू चाकाखालून सटकन उडून गटारात गेलं. अक्काच्या हातातलं ताट कलंडलं. आधी एक जण हसला, मग सगळी गल्ली. सगळ्यात मोठ्यानं हसत होते ते तेच, ज्यांच्या दारात उभं राहून दाजींनी एकेकाळी श्वास रोखून गाडी काढून दिली होती. मी ती तोंडं विसरलेलो नाही. भाचाही हसला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. खिडकीत वाकून तो म्हणाला, "पप्पा, डावा पाय बाजूला ठिवा. त्याचं आता काय काम न्हाई."

दाजी उतरले. भाच्यानं बसून लिंबं फोडली. एक आधी, दोन नंतर. चौथं गटारात होतं. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

भाचा परत गेल्यावर दाजींनी आडतीतून शोरूमला फोन लावला; त्यानं गाडी तिथूनच घेतली होती. रागानं नव्हे, सवयीनं. गिअरवाली येतच नाही म्हणजे इतक्या वर्षांची मागणी फुकट गेली काय, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी समोर पोत्यावर बसलो होतो, फोनचा आवाज बाहेर ऐकू येत होता.

"आती क्यूं नहीं, सेठ? ऑर्डर देना पड़ता, तीन महीने रुकना पड़ता. आपके साबजादे बोले, नक्को, रुकने का टाइम नहीं, जो खड़ी है वोइच देओ."

दाजींनी "अच्छा" म्हटलं, "मेहेरबानी" म्हटलं आणि फोन ठेवला. बराच वेळ ते काट्याचं रिकामं पारडं बोटानं हलवत बसले.

"तीन म्हैने," ते म्हणाले.

मी काहीतरी समजूत घालायला गेलो. शहरातली रहदारी, सुनेलाही चालवायची असेल, पोरांना उसंत नसते. दाजींनी ऐकून घेतलं. "मी कुठं काय म्हनायलोय? त्याची गाडी, त्याची मर्जी. पन येत न्हाई म्हनून कामून सांगायचं? थांबलो न्हाई, म्हनायचं. येवढंच." भाच्याला हे त्यांनी कधी कळू दिलं नाही. माझ्यापाशीही तो विषय पुन्हा काढला नाही. पण आडतीतली चित्रं उतरली, त्या जागी चुना जरा पांढरा दिसत राहिला. नवी गाडी घेतलेलं कुणी बोलवायला आलं की दाजी सांगायचे, पाय दुखायलाय. पुढं बोलावणंही थांबलं. लोक म्हणायचे, लिंबू काय, कुणीबी फोडतंय. खरंच फोडत होते. हवं तसं, हव्या त्या चाकाखाली.

मग मी गाडी घेतली. लहानशी, पांढरी, मास्तरला शोभेल अशी. बिदरमधल्या मैलूरच्या माझ्या घरी न नेता तिथल्या शोरूममधून सरळ भालकीला आणली. दाजी ओट्यावर बसले होते. मी म्हणालो, "दाजी, लिंबं तुमीच फोडायची."

"पाय दुखायलाय," ते म्हणाले, पण उठले. गाडीभोवती एक फेरी मारली, आत वाकून बघितलं. दांड्यावर हात ठेवला. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "शोरूमवाल्यानं थांबायला लावलं काय रं?"

त्या गाडीत गिअरवालीशिवाय दुसरा प्रकार कंपनी बनवतच नव्हती. मी गेलो आणि हवी ती गाडी समोर उभी होती.

"व्हय दाजी," मी म्हणालो, "लई थांबवलं."

"थांबलास?"

"थांबलो."

कुठल्या गाडीत काय येतं आणि काय येत नाही, हे भालकी तालुक्यात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. ते एकदा माझ्याकडं बघून किंचित हसले. अक्काला हाक मारून लिंबं मागितली. मग बादलीपाशी बसून त्यांनी पाय धुतले. आधी उजवा. आणि मग, किती तरी वेळ, डावा.