मध्ये उचललेली दांडी

आप्पा गेले असा फोन आला, तेव्हा मी कोरेगाव भीमात कंपनीच्या गेटवर होतो. सांगायला लाज वाटते, पण रडू आलंच नाही. मनात आलं ते एवढंच, की आता त्या नव्या दांडीचं कळणार कसं?

आप्पा म्हणजे मांडवगण फराट्याचे सेंट्रिंगवाले. दिवसभर स्लॅबच्या फळ्या ठोकायचे आणि संध्याकाळी आमच्या गायन पार्टीत बेस गिटार वाजवायचे. मी हार्मोनियमवर. गिटार त्यांनी घरीच केली होती, जुन्या सागवानी चौकटीची. पण चार जाड तारा ताणल्या की महिन्याभरात तिची मान, म्हणजे दांडी, तारांच्या ओढीनं पुढं वाकायची आणि सूर हलायचे. मग त्यांनी दांडीत चर पाडून लोखंडी चौकोनी बार चिकटवला, अगदी लाइनदोरी लावून सरळ. भीमजयंतीच्या कार्यक्रमापर्यंत ती लोखंडासकट वाकली.

माझी खोड अशी, की दिसेल ते विचारायचं. एकदा त्यांच्या साइटवर गेलो, तर स्लॅबखालच्या फळ्या मधोमध जरा उंच दिसल्या.

"आप्पा, मधी उंच का?"

"काँक्रीटचा माल पडला की बसती खाली. सरळ ठिवली तर स्लॅबला पोट सुटतं," असं म्हणाले आणि हातोडी हातातच राहिली... "आयला. आन् दांडी मातर म्या सरळ ठिवली व्हय?"

आयुष्यभर दुसऱ्यांची छतं उचलून धरणारा माणूस घरच्या दांडीला चुकला होता. त्यांनी नवी दांडी केली, मध्ये उचलून, शिकंज्यात दाबून बार बसवला. "किती उचलली?" मी विचारलं. "अंदाजानं. तारा लागल्या की कळंल." तारा आणायला शिरूरला जायच्या आधीच त्यांच्या छातीत दुखलं.

पुण्यानुमोदन झाल्यावर त्यांच्या बायकोनं, शांताकाकूंनी, ती दांडी सरपणात टाकायला काढली. "वाकडीच हाय की रं."

"काकू, तारा लावल्याबिगर वाकडी म्हणू नका."

दुसऱ्या दिवशी तारा आणल्या. दांडी गिटारीला जोडली. आप्पांच्या लाइनदोरीचं एक टोक काकूंच्या हातात दिलं, दुसरं मी धरलं आणि दोरी दांडीवर लांबीभर ताणली; मध्ये टेकली, दोन्ही टोकांना फट राहिली. पहिली तार चढवली, फट तशीच. दुसरी, तिसरी... चौथी सुरात आली आणि दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत टेकली.

"बसली का?" काकूंनी विचारलं.

"बसली," म्हणालो, आणि त्या दिवशी न आलेलं रडू आत्ता आलं. मी माझं टोक सोडलं. काकू मात्र त्यांचं टोक धरून तशाच बसून राहिल्या.