फुकटच्या कामाचे मानकरी

आमच्या व्याह्यांइतका चिवट माणूस परळपासून माटुंग्यापर्यंत दुसरा कोणी दाखवावा, मी मिशी उतरवून देईन. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं शिक्षण गिरणीत झालं, पण माणूस मला कळतो. मुलीचा हा सासरा दादरच्या कचेरीतून निवृत्त झाला आणि आराम करायचा सोडून संगणकाच्या मागे लागला. लिखापढीचं एक सॉफ्टवेअर आहे म्हणे. त्याला मालक नाही, जगभरची माणसं हौसेने बनवतात आणि कोणालाही फुकट देतात. त्यातलं एकेक बटण, एकेक सूचना मराठीत करायला पोरंपोरी जमवायची आणि त्यांच्याकडून काम काढून घ्यायचं, हे व्याह्यांनी अंगावर घेतलं. द्यायला पगार नाही, आणि कोणाला काढून टाकायचीही सोय नाही!

व्याह्यांचा उभा जन्म गणेशोत्सव मंडळात गेलेला. त्यामुळे पहिल्याच सभेत प्रत्येकाला नारळ आणि पद. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, सल्लागार. पैशाचा पत्ता नाही तरी खजिनदार! "मान दिला की माणूस राबतो," हे त्यांचं म्हणणं. मी तिथेच म्हटलं, "व्याही, सगळेच पालखीत बसले तर खांदा कोण देणार?" ऐकतील तर ते व्याही कसले! नारळाचं खोबरं संपलं आणि मंडळी गुल झाली. एकाला वाक्यं पाठवली, तर तो म्हणतो, "काका, मी सल्लागार आहे." मग ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांकडून निरोप आला: नव्या आवृत्तीच्या आत काम पुरं झालं नाही, तर मराठी त्यातून काढून टाकणार.

दुसऱ्या कोणी हाय खाल्ली असती. व्याह्यांनी पायात चपला घातल्या. फोन उचलत नाही? हे दारात उभे, वर्गणीला उभे राहावेत तसे. सोबत मी, कारण माझ्या मिशीला पोरं बिचकतात असं त्यांचं मत. शीवला सल्लागाराच्या घरी आम्ही कोचावर ठाण मांडलं. त्याची आई चहा घेऊन आली, तर हे म्हणाले, "चहा नको वहिनी, आधी याची वाक्यं होऊ देत." ती लेकावर खेकसली, "बस रे मेल्या, नायतर हे इथेच मुक्काम करतील!" पोरगं निमूट बसलं.

शेवटचं काम अडलं होतं माटुंग्याच्या कार्याध्यक्षबाईंकडे. तिचं बाळ तान्हं. दार उघडताच रडकुंडीला येऊन म्हणाली, "काका, मला आंघोळीला वेळ मिळत नाही हो, मराठी कुठून वाचवू?" मला वाटलं, आता हे ओरडणार. त्यांनी हात धुतले आणि बाळ मागितलं. "तू बस. हा माझ्याकडे." ती टाइप करत बसली, आणि ज्यांच्या खाकरण्याने कचेरीतले शिपाई उठून उभे राहायचे, ते आमचे व्याही खोलीभर फेऱ्या मारत बेसूर अंगाई म्हणत होते. बाळ झोपलं नाही, पण रडलंही नाही. दिवेलागणीला ती म्हणाली, "झालं काका. पाठवलं."

मराठी राहिली. तसं कळलं, तेव्हा मी पेढ्यांचा पुडा घेऊन त्यांच्याकडे गेलो. ते संगणक बंद करून खिडकीत बसले होते. पेढा हातातच ठेवून म्हणाले, "आता त्या पोरांच्या घरी कुठल्या निमित्ताने जायचं हो?"

"माझ्याकडे या की. व्याह्याला निमित्त लागतं काय?"

"लागतं," ते म्हणाले. "आपल्यासारख्यांना लागतं."

पेढे घ्यायचं कारण नसतं तर मी तरी आज आलो असतो का, ते मला सांगता येईना.