घरचं तोरिंग

सगुणचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू होई. डिचोलीजवळच्या खाणीवर सहाची पाळी. त्याआधी, दिवाळीपासून पावसापर्यंत, वहाळावरून दोन कळश्या पाणी आणून अंगणातल्या तोरिंगाला घालायचं. थोराड लिंबासारखं फळ देणारं हे झाड त्यानंच लावलेलं. वाट चढाची, तीनशे पावलांची. पाणी हिंदकळून कळशी उणी झाली, तर तो परत खाली जाई.

खाणीमागच्या रानात दर पावसाळ्यात त्याला एक वेगळंच पिसोळं, म्हणजे फुलपाखरू दिसे. तिथल्या दोन जातींचा त्यात मेळ झालेला: निळे पट्टे एकीचे, शेपटी दुसरीची. वर्षाला एखादंच.

"सगुणा, तुझ्या पिसोळ्याची भाषा कोणती रे?" जोडीचा कामगार बाबली विचारी. "मराठी काय कोंकणी? राजभाषेच्या मोर्चेवाल्यांना दाखव, दोघेही दगड मारतील."

गोवा राज्य झालं त्या वर्षी खाणीची माती त्याच रानावर पडू लागली. ती पसरणाऱ्यांत सगुण होता. आठ तास फावडं. पावसाआधी रान संपलं.

श्रावणात ते पिसोळं त्याच्या तोरिंगावर आलं. कोवळ्या पानांवर एकेक अंडं ठेवत फिरलं. अकरा अंडी. पुढे रोज पहाटे सगुण कंदील घेऊन झाडाखाली उभा राही. सात अळ्या जगल्या, हिरव्या झाल्या. बायकोजवळ, गंगाजवळ, तो काही बोलला नाही. अळीचं कौतुक सांगायचं तरी कोणत्या तोंडानं?

चवथीच्या आदल्या दिवशी तो पाळीवरून आला, तेव्हा गंगा ओटीवर माटोळी सजवत होती. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या त्या लाकडी चौकटीला रानातली फळं बांधलेली, मधोमध तोरिंगाच्या फांद्या.

"ऐकलंत काय? यंदा घरचं तोरिंग! म्हापशाच्या बाजाराची फेरी वाचली."

"पानं कुठं गेली?"

"किडीनं खाल्लेली. चुलीत घातली. लठ्ठ लठ्ठ अळ्या हो, शी! देवाच्या डोक्यावर काय त्या टांगू?"

सगुण झाडापाशी गेला. कोवळी फांदी एकही उरली नव्हती. काप स्वच्छ होते. कोयत्याला धार त्यानंच लावली होती.

"काय झालं हो?"

"काही नाही. माटोळीतली ती फांदी कललीय. नीट बांध."

त्या अळ्या कोणाच्या होत्या ते महिन्यानं त्यानं तिला सांगितलं. गंगानं चुलीकडे पाहिलं.

तिसऱ्या वर्षी झाड पुन्हा फळलं. चवथीआधीच्या शुक्रवारी सगुणनं कामाला खाडा केला आणि बसनं म्हापशाच्या बाजारात गेला. दीड दिवसाच्या मजुरीत माटोळीसाठी दोन तोरिंगं आणली. गंगानं ती बांधली.

दर चवथीला तो तेच करत राहिला. अंगणातल्या झाडाला कोयता लागला नाही; फळं पिकून गळत. दर श्रावणात तो पान पान उलटून पाही. एकही कुरतडलेलं नसे.